नव्या गावातली आठ पानांची वही

बदलीचा हुकूम येतो घरातल्या एकाच माणसाच्या नावाने. पण हलतो तो सगळा संसार. हुकूम हातात पडला की पुरुषमाणसं 'हजर कधी व्हायचं' या विचाराला लागतात आणि आपण डबे रिकामे करायला घेतो. ट्रकमध्ये काय जाईल, देव कुणाच्या हातात द्यायचे, लोणच्याची बरणी कुणी मांडीवर घ्यायची, या सगळ्याच्या याद्या होतात. एक यादी मात्र बहुधा राहूनच जाते. ती म्हणजे, नव्या गावात अडीअडचणीला कुणाला हाक मारायची याची यादी.

लातूरच्या एका भगिनीने पत्रातून हाच प्रश्न विचारला आहे. "यांची बदली खेड्यात झाली आहे. हे आठवड्यातले चार दिवस फिरतीवर असणार. मुलं लहान आहेत. तिथे आमचं कुणीच नाही. शहरात दहा पावलांवर दवाखाना होता. आता काय करू?" असं त्या लिहितात. पत्र एकीचं असलं, तरी प्रश्न पुष्कळजणींचा आहे. बँकेत, शाळेत, महसुलात, पोलिसांत, वीज मंडळात (मंडळाची 'महावितरण' कंपनी २००५ साली झाली, तरी आपल्या तोंडी 'मंडळ'च आहे) नोकरी करणाऱ्यांच्या घरी तो दर तीन-चार वर्षांनी उभा राहतोच.

मी राहते येरमाळ्याला. सोलापूर-धुळे महामार्गावरचं, बालाघाटाच्या डोंगरातलं, येडेश्वरी देवीचं हे गाव. आमचा तालुका कळंब आणि जिल्हा धाराशिव. पण मोठी खरेदी करायला पुष्कळ लोक शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला जातात. म्हणून मी नव्या माणसाला थट्टेने सांगते, "आपल्याकडे बाजार बार्शीचा, कागद कळंबचा आणि कलेक्टर धाराशिवचा!" थट्टा सोडा, पण कुठल्या कामाला कोणत्या दिशेची एसटी धरायची हे पहिल्या आठवड्यातच कळलं, तर नव्या बाईच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

तेव्हा मैत्रिणींनो, नव्या गावी गेल्यावर एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि पहिल्या आठ दिवसांत तिची आठ पानं भरा. मोबाइलमध्ये नंबर असतातच, पण मोबाइल यांच्या खिशात असतो, नाहीतर त्याची बॅटरी उतरलेली असते. वही स्वयंपाकघरात खुंटीला राहते आणि चौथीतल्या मुलालासुद्धा वाचता येते.

पहिलं पान : आपल्या घराचा पत्ता

हसू नका. शहरात घराला नंबर असतो, सोसायटीला नाव असतं. खेड्यात पत्ता असतो तो माणसांच्या आणि देवळांच्या नावाने. 'मारुतीच्या देवळामागची गल्ली, पिठाच्या गिरणीपासून दुसरं घर' हा खरा पत्ता.

आमच्या गल्लीत एक नवं जोडपं राहायला आलं होतं. एका रात्री तिला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. नवरा परगावी. १०८ नंबर तिला ठाऊक होता, तिने लावलाही. पण हा फोन लागतो पुण्याच्या केंद्रात. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तालुका कोणता? घराजवळची खूण काय?" ती बिचारी म्हणाली, "पांढरं घर आहे, पुढे लोखंडी गेट." असली घरं गावात पन्नास! तेवढ्यात कण्हण्याचा आवाज ऐकून समोरच्या आजी आल्या. त्यांनी फोन हातात घेतला, दोन वाक्यांत सगळी खूण सांगितली आणि नातवाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं केलं. गाडी आली, बाई धाराशिवला वेळेत पोचली आणि बाळही सुखरूप झालं. नंबर तिला पाठ होता. अडलं होतं ते पत्त्यापाशी.

म्हणून पहिल्या पानावर शेजारणीच्या तोंडून ऐकून आपला पत्ता लिहा. गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही लिहा. नुसतं 'कळंब' म्हणून भागत नाही, कारण कळंब तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. आमच्याकडे आणखी एक घोटाळा होतो. जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या कागदांवर एक नाव, नव्या पाट्यांवर दुसरं. जिल्हा तोच आहे, घाबरू नका. मात्र अर्ज भरताना आधारवर काय छापलंय ते आधी पाहून घ्या.

दुसरं पान : दवाखाना

सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या माहीत असाव्यात. सगळ्यांत जवळचं ते उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्ह्याचं ठिकाण. धाराशिवला २०२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. आपल्या गावापासून यातलं काय किती लांब आहे, रात्री कुठे डॉक्टर भेटतात आणि बाळंतपण कुठे होतं, हे तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवा. चौथा प्रश्न रात्री दार उघडणाऱ्या औषधाच्या दुकानाचा.

याच पानावर ठळक अक्षरांत लिहा : रुग्णवाहिका १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. ती फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. दवाखान्यात जाता-येताना हे वाहन मोफत मिळतं.

त्याखाली नाव लिहा गावातल्या आशाताईंचं. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. लसीकरणाचा दिवस, गरोदरपणाची नोंद, कोणत्या डॉक्टरांची आज रजा आहे, हे सगळं तिला ठाऊक असतं. जुन्या गावचं माता-बाल कार्ड ट्रकमधल्या पेटीत टाकू नका, पर्समध्ये ठेवा. पेंटाव्हॅलंटची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, गोवर-रुबेलाची पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर. बदलीच्या गडबडीत हे दिवस चुकतात. चुकलेच तर लस बुडाली असं समजू नका; कार्ड दाखवून पुढची तारीख घ्या.

कुणाला वाटेल, आशाताई म्हणजे चार इयत्ता शिकलेली बाई, तिला काय कळतं? अशांना मी आमच्याच जिल्ह्यातल्या अणदूरचं उदाहरण देते. तुळजापूर तालुक्यातल्या या गावी डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हॅलो मेडिकल फाउंडेशन' उभं केलं आणि खेड्यातल्या साध्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं. 'भारतवैद्य' हे त्यांचं नाव. सरकारची आशा योजना २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. त्याच्याही आधीपासून या भारतवैद्य गावोगाव काम करत होत्या. गावातलं दुखणं आधी गावातल्याच बाईला कळतं, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे.

आणि डोंगराकडचं गाव म्हटलं की विंचू-साप आलेच. विंचू चावला आणि दरदरून घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, की मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि महाडला डॉक्टरी करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने विंचवाच्या विषाला उतार पडतो हे जगाला दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, पण त्यासाठी वेळेवर पोचायचं आपण. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. अवयव हलू न देता माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

तिसरं पान : पाणी

नळ कोणत्या दिवशी येतो, किती वाजता आणि किती वेळ, हे घरमालकाला विचारू नका; तो म्हणणार, "पाण्याचं काही टेन्शन नाही." शेजारणीला विचारा. गावात पाणी सोडणारा माणूस ठरलेला असतो, त्याचं नाव आणि नंबर या पानावर सगळ्यांत वर हवा. उन्हाळ्यात टँकर कुठून येतो, बोअर कुणाचा आहे, आडाचं पाणी प्यायचं की वापरायचं, हेही विचारून घ्या. आम्ही मराठवाड्यातली माणसं. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्याकडे अजून जेवताना निघतात. इथे बायका पाणी मोजून वापरतात. नव्या बाईने अंगणात पाइप लावून सडा घातला, तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहतं.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. डाळीसाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बाजूला काढा. कॉइल विजेपासून सोडवून व्हिनेगरमध्ये भिजवली की थर सुटतो. पाणी जड आहे म्हणजे ते वाईट आहे असं नाही. पण निवळशंख दिसतं म्हणजे चांगलं आहे, असंही नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवा आणि मगच प्यायला घ्या.

एक गोष्ट पुष्कळजणींना ठाऊक नसते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याचा छोटा संच वापरायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. नावं मिळाली तर वहीत लिहा. नाही मिळाली, तर सहावी तुम्ही व्हा!

चौथं पान : वीज आणि गॅस

वायरमनचा नंबर आणि आपल्या भागाची डीपी कोणती, या दोन गोष्टी आधी. डीपी कुठली ते सांगता आलं नाही, तर वायरमन भलतीकडे जातो आणि आपण अंधारात. महावितरणचा तक्रारीचा मोफत नंबर १९१२. वीजबिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवा. तक्रारीला तो लागतोच. भाड्याच्या घरात शिरण्यापूर्वी आधीच्या भाडेकरूचं बिल थकलेलं नाही ना, हे बिल हातात घेऊन पाहा. तोंडी आश्वासनावर बसू नका.

गॅसचं काम जुन्या गावातूनच सुरू होतं. गाव लांबचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या आणि ट्रान्सफरचा कागद घ्या. तो दाखवला की नव्या गावच्या एजन्सीत नवा नंबर लागत नाही. गळती झाली तर १९०६, रात्रंदिवस. फोन लावायच्या आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही. आणि फोन अंगणात जाऊन लावायचा. हे मुलांनाही शिकवून ठेवा.

पाचवं पान : ग्रामपंचायत आणि कागद

आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणतो, त्यांना २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात; तलाठ्यांना 'ग्राम महसूल अधिकारी'. गावात मात्र जुनीच नावं चालतात, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा. ते कोणत्या वारी गावात भेटतात ते महत्त्वाचं, कारण एकेकाकडे पुष्कळदा दोन-दोन गावं असतात. रहिवासी दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, लग्नाची नोंद ही कामं ग्रामपंचायतीत होतात. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. नोंद करायला आजोबा गेले तरी हे त्यांना बजावून पाठवा!

रेशनकार्डाचंही तसंच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख मानलं आहे. आपलं कार्ड काढून पाहा, पहिलं नाव कुणाचं आहे ते. आणि ज्यांना कार्डावर धान्य मिळतं, त्यांचं गाव बदललं तरी ते बुडत नाही. आधारच्या अंगठ्यावर दुसऱ्या गावच्या दुकानातही उचलता येतं. आपल्याकडे भांडी घासायला येणारी, ऊसतोडीला नवऱ्यामागे जाणारी बाई असेल, तर तिला हे आवर्जून सांगा. आपल्यापेक्षा तिच्या उपयोगाची गोष्ट आहे.

मतदारयादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा. 'दोन वर्षांनी परत बदली होणार, कशाला भरायचा?' असं म्हणू नका. गावच्या मतदारयादीत नाव असलेली व्यक्तीच ग्रामसभेची सदस्य असते. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा व्हायची असते आणि २०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गल्लीत दिवा हवा, गटार वाहतंय, शाळेत मुलींना संडास नाही, हे बोलायचं ठिकाण ते. नाव नसेल तर आपण नुसत्या पाहुण्या.

सहावं पान : शाळा आणि अंगणवाडी

शिक्षिका म्हणून या पानावर माझा जास्त जीव आहे. वर्षाच्या मध्येच बदली झाली की पालक शाळेच्या दाखल्यासाठी हैराण होतात. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही; पहिली ते आठवीच्या मुलांसाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. नम्रपणे, पण ठामपणे सांगा. जुन्या शाळेतून मुलाचा विद्यार्थी क्रमांक आणि प्रगतिपुस्तकाची प्रत तेवढी घेऊन या. राज्य मंडळाच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाची पुस्तकं बदलत नाहीत. बालभारती १९६७ पासून सगळ्या राज्याला एकच पुस्तकं पुरवते. फक्त धडा किती पुढे-मागे आहे ते बाईंना विचारून घ्या.

पुस्तकं तीच असली, तरी बोली बदलते. पुण्याकडून आलेलं मूल पहिल्या दिवशी "काय करायलास?" ऐकून गोंधळतं आणि घरी येऊन त्याची नक्कल करून हसतं. आपणही हसलो, तर ते शाळेत एकटं पडतं. इथली बोली ही इथल्या मुलांच्या आजीची भाषा आहे, एवढं एकदा समजावून सांगितलं की पुरतं. महिन्याभरात तेच मूल तुम्हाला "आई, जेवायलोय की!" म्हणतं, तेव्हा मात्र हसा.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अंगणवाडी. 'ती गरिबांची' हा गैरसमज सोडा. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली ही योजना सगळ्या बाळांची आहे. वजन, लस, खाऊ, गाणी तर आहेतच, शिवाय नव्या आईला पहिल्या चार मैत्रिणी तिथेच मिळतात.

सातवं पान : रस्ता, एसटी, बाजार

गाड्यांचं वेळापत्रक स्थानकावर लागलेलं असतं. पण 'शेवटची गाडी खरोखर किती वाजता जाते' ते फाट्यावरचा चहावाला सांगतो. त्याच्याकडून ऐकून लिहा. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा माहेरची वारी महाग म्हणून कुणी अडवलं तर हिशेब दाखवा. आमच्याकडे जवळची रेल्वे म्हणजे कुर्डुवाडी-लातूर मार्गावरची येडशी किंवा बार्शी. १८९७ साली बार्शी लाइट म्हणून चालू झालेली ती छोटी गाडी आता रुंद रुळांवरून धावते. महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३.

आठवडी बाजाराचा वार लिहा, आणि त्याच्या आदल्या दिवशीचा बेत साधा ठेवा. गिरणी कधी चालू असते, दूधवाला रतीब कोणत्या वेळी घालतो, शिलाईवाली कोण, हे याच पानावर. एक सूचना : पहिले दोन महिने शक्य ते सगळं गावातूनच घ्या. शहरातून पोती भरून आणलं, तर दोन रुपये वाचतील. पण रात्री साडेनऊला दुकानाचं दार वाजवून साखर मागायला ओळख लागते, आणि ती ओळख दुकानातच होते.

आठवं पान : माणसं

सरकारी नंबर इथे एकत्र लिहा. कुठलंही संकट ११२. बायकांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. फोनवरून पैसे लुबाडले गेले तर ताबडतोब १९३०. पोलीस ठाण्याचा नंबरही लिहा. आणि घरातल्याच माणसाकडून मार खाणारी कुणी दिसली, तर तिला १८१ हळूच सांगा. तिच्या वहीत तो लिहिता येत नसेल, तर पाठ करून घ्या.

पण खरं पान त्याखालचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं बसली. बाहेरची मदत पोचण्याआधी ज्यांनी हातांनी दगड उचलले, ती शेजारपाजारची माणसं होती. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आमच्याकडे अशी खरी झालेली आहे. म्हणून या पानावर पाच घरं लिहा. एक, जिथे रात्री कुणीतरी जागं असतं. एक, जिथे गाडी आहे. एक, जिथे जाणती म्हातारी आहे. एक, जिथे मुलांना तासभर सोडता येतं. आणि एक, जिथे घराची दुसरी किल्ली ठेवता येते.

ही पाच घरं फोनवर मिळत नाहीत. त्यासाठी हळदीकुंकवाला जावं लागतं, कुणाच्या दुःखात ओसरीवर बसावं लागतं. आमच्याकडे चैत्र पौर्णिमेची येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, लाखो लोक चुनखडीचे खडे वेचायला रानात उतरतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांसाठी गॅस, दूध-पावडर, मुलांची औषधं मी आठ दिवस आधीच भरून ठेवते, कारण रस्ते तुंबतात आणि मोबाइलची रेंजही जाते. नव्या बाईने त्या दिवसांत दार लावून न घेता ओट्यावर पाण्याचा माठ आणि चार पेले ठेवावेत. वर्षभरात होणार नाही एवढी ओळख तीन दिवसांत होते.

आणि शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या वहीत गावातली एवढी माणसं आहेत. पण कुणाच्या वहीत माझं नाव आहे का? आपण शिकलेल्या आहोत. कुणाचा बँकेचा अर्ज भरून देता येतो, दहावीच्या मुलीचं गणित घेता येतं, दवाखान्यात सोबत जाता येतं. 'आम्ही काय, बदलीवाले' असं म्हणत तीन वर्षं काढणाऱ्या बाईला गाव त्रास देत नाही. फक्त तिच्या दारावर थाप मारायची राहते. आणि जिच्या दारावर कुणी थाप मारत नाही, तिलाही मध्यरात्री दुसऱ्याच्या दारावर थाप मारायला हात धजत नाही.

लातूरच्या भगिनीला माझं सांगणं एवढंच : सामान लावायला पंधरा दिवस लागले तरी चालतील, वही आठ दिवसांत भरा. तिच्या दोन प्रती करा, एक भिंतीवर, एक पर्समध्ये. दर सहा महिन्यांनी नंबर तपासा, कारण वायरमनचीही बदली होते! आणि तुमची पुढची बदली झाली, की ती वही घरमालकिणीकडे ठेवून जा. त्या घरात उद्या आणखी कुणी लहान मुलं घेऊन येणार आहे.

तुमच्या गावाच्या वहीत यापेक्षा वेगळं एखादं पान असेल, तर जरूर लिहून पाठवा.